मेल सर्व्हर चालू, तरी मेल बंद: एक्स्चेंजचा डोमेन कंट्रोलरशी संपर्क तुटतो तेव्हा

"सर, मेल चालून नाही राहिला." हिंगणा एमआयडीसी असो, बुटीबोरी असो की सीताबर्डीवरचं एखादं ऑफिस, मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या फोनवर सकाळी ऑफिस उघडताच येणारं वाक्य हेच. तो सर्व्हर उघडून बघतो तर मशीन चालू, डिस्क मोकळी, मेमरी ठीक, इंटरनेटही सुरू. आउटलुक मात्र 'जोडणी चालू आहे' म्हणत फिरत बसलेलं. अशा वेळी हात आपोआप रीस्टार्टकडे जातो. तो हात पाच मिनिटं थांबवा, एवढ्याचसाठी हा लेख. अशा सकाळी बहुधा मेल सर्व्हर बिघडलेला नसतो. त्याला ज्याच्याकडून उत्तरं हवी असतात, तो डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्या खात्यांची आणि मशीनची नोंद ठेवणारा सर्व्हर) त्याला सापडत नसतो, आणि रीस्टार्ट केल्यानं तो सापडत नाही.

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज हा मेल सर्व्हर लोकांचे मेल स्वतःकडे ठेवतो, लोकांची नोंद मात्र ठेवत नाही. एक्स्चेंज ५.५ पर्यंत त्याची स्वतःची डिरेक्टरी, म्हणजे नोंदवही, होती. एक्स्चेंज २००० पासून ते काम विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे, म्हणजे डोमेन कंट्रोलरवरच्या नोंदवहीकडे, गेलं. कोणता पत्ता कोणाचा, कोणाचा मेलबॉक्स कुठल्या डेटाबेसमध्ये, 'अकाउंट्स' ग्रुपमध्ये कोण कोण, बाहेर जाणारा मेल कुठल्या कनेक्टरनं पाठवायचा, हे सगळं डोमेन कंट्रोलरवर असतं. या मेल सर्व्हरचं स्वतःचं कॉन्फिगरेशनसुद्धा तिथेच. लग्नघरात आचारी, वाढपी, भट्टी सगळं तयार असावं आणि कोठीघराची किल्ली घेऊन मामा स्टेशनवर पाहुणे आणायला गेलेले असावेत, तशी ही अवस्था. पंगत खोळंबते आणि बोलणी आचारी खातो.

एक्स्चेंजला डोमेन कंट्रोलरकडून तीन प्रकारची कामं हवी असतात. एक, आपल्या डोमेनमधल्या खात्यांची माहिती. दोन, ग्लोबल कॅटलॉग, म्हणजे संस्थेच्या सगळ्या डोमेनमधल्या सगळ्यांची थोडक्यात नोंद. तीन, कॉन्फिगरेशन. छोट्या ऑफिसात ही तिन्ही कामं एकच मशीन करतं. कुणाला विचारायचं हे एक्स्चेंज स्वतः ठरवतो. त्यासाठी 'मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज ॲक्टिव्ह डिरेक्टरी टोपोलॉजी' नावाची सेवा दर १५ मिनिटांनी फेरी मारून कोणता कंट्रोलर जिवंत आहे, कोणता कामाचा आहे, याची यादी ताजी करते. एक्स्चेंजच्या बाकीच्या बहुतेक सेवा हिच्या आधारावर उभ्या असतात, म्हणून ही अडली की सगळंच एकदम अडल्यासारखं वाटतं. एक गोष्ट इथेच सांगतो: फक्त वाचण्यापुरता असलेला, म्हणजे रीड-ओन्ली, डोमेन कंट्रोलर एक्स्चेंज वापरत नाही. शाखेत तसाच एक ठेवून 'आपल्याकडे कंट्रोलर आहे की' असं मानणारी मंडळी पुष्कळ आहेत.

मालकांना पहिली भीती असते ती मेल हरवण्याची. बाहेरून येणारा मेल अशा वेळी सहसा हरवत नाही. तुमचा सर्व्हर 'आत्ता जमत नाही, नंतर या' असं उत्तर देतो किंवा उत्तरच देत नाही, आणि पाठवणारा सर्व्हर मेल आपल्याकडे ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेल वाहतुकीचं २००८ चं मानक, आरएफसी ५३२१, सांगतं की हार मानण्याआधी किमान ४ ते ५ दिवस प्रयत्न करत राहावं. आतून निघालेले मेल सबमिशन रांगेत साचतात, कारण ते कोणाला द्यायचे हे डिरेक्टरीला विचारल्याशिवाय ठरत नाही. तेव्हा फोनवर साहेबांना आधी हे सांगा आणि स्वतःसाठी शांतपणे काम करायला तासभर मागून घ्या. तो तास मोलाचा असतो.

आधी लॉग वाचा

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉग उघडा आणि 'एमएसएक्स्चेंज एडीॲक्सेस' या स्रोताच्या नोंदी वेगळ्या काढा. २१०२ हा इव्हेंट क्रमांक दिसला तर वापरात असलेला एकही डोमेन कंट्रोलर उत्तर देत नाही. २१०३ म्हणजे तीच गत ग्लोबल कॅटलॉगची. २११४ म्हणजे शोधफेरीच फसली. हे तीन आकडे काहीतरी बिनसलंय एवढंच सांगतात. कुठे बिनसलंय हे सांगतो तो २०८०. तो धोक्याच्या लाल खुणेनं येत नाही, साध्या माहितीच्या नोंदीसारखा येतो, म्हणून घाईत नजरेतून सुटतो. दिसतच नसेल तर एडीॲक्सेसच्या टोपोलॉजीचं डायग्नोस्टिक लॉगिंग वाढवा आणि पुढच्या फेरीची वाट पाहा.

२०८० मध्ये प्रत्येक डोमेन कंट्रोलरची एक ओळ असते. निरोगी ओळ साधारण अशी: सीडीजी, मग १ ७ ७ १ ० १ १ ७ १. ही ओळ वाचता आली की अर्धा तपास तिथेच संपतो, म्हणून इथे थोडं थांबूया.

सीडीजी ही तीन कामांची अक्षरं: कॉन्फिगरेशन, डोमेन, ग्लोबल कॅटलॉग. पहिला १ म्हणजे हा कंट्रोलर वापरासाठी खुला आहे. त्यानंतरचा ७ सर्वांत बोलका. तो तीन आकड्यांची बेरीज आहे. ग्लोबल कॅटलॉग म्हणून ३२६८ या पोर्टवर पोचता आलं तर १, डोमेन कंट्रोलर म्हणून ३८९ वर पोचता आलं तर २, कॉन्फिगरेशनसाठी पोचता आलं तर ४. म्हणजे सीडीजी लिहिलंय आणि ७ च्या जागी ६ आहे, तर मशीन जिवंत आहे पण ३२६८ चं दार बंद आहे, फायरवॉल बघा. शून्य असेल तर तिथपर्यंत पोचताच आलेलं नाही. अक्षरंच सीडी एवढी असतील तर ६ हे आरोग्याचं लक्षण आहे, कारण तो ग्लोबल कॅटलॉग नाहीच. पुढचा ७ त्याच तीन कामांसाठी डिरेक्टरीचं सिंक्रोनायझेशन पूर्ण आहे का ते सांगतो. त्यापुढचा १ म्हणजे ग्लोबल कॅटलॉग होण्याची क्षमता. मग ० किंवा १: हा पीडीसी, म्हणजे डोमेनमधला मुख्य मानला जाणारा कंट्रोलर, आहे का. इथे शून्य असणं हा दोष नाही. ओळीच्या शेवटी नेटलॉगन या लॉगऑन सांभाळणाऱ्या विंडोज सेवेची स्थिती आणि ऑपरेटिंग सिस्टीम पुरेशी नवी आहे का, हे येतं.

मधल्या दोन आकड्यांवर मात्र बोट ठेवा. एक 'सॅकल राइट' आणि दुसरा 'क्रिटिकल डेटा'. क्रिटिकल डेटा शून्य असेल तर त्या कंट्रोलरवर या मेल सर्व्हरची नोंदच पोचलेली नाही. नवा कंट्रोलर उभा केला आणि रेप्लिकेशन (एका कंट्रोलरवरच्या नोंदी दुसऱ्यावर उतरणं) पूर्ण झालं नाही की असं होतं. रेपॲडमिन ही कमांड चालवा, अडलेलं रेप्लिकेशन सोडवा.

सॅकल राइट शून्य असणं ही सर्वांत चकवणारी गोष्ट. पिंग होतं, पोर्ट उघडे असतात, नाव सापडतं, आणि तरी एक्स्चेंज त्या कंट्रोलरला हात लावत नाही. कारण परवानगी. 'मॅनेज ऑडिटिंग अँड सिक्युरिटी लॉग' नावाचा हक्क प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर 'एक्स्चेंज सर्व्हर्स' या ग्रुपला लागतो. एक्स्चेंजचं सेटअप डोमेन तयार करताना तो 'डिफॉल्ट डोमेन कंट्रोलर्स पॉलिसी'त, म्हणजे सगळ्या कंट्रोलरना लागू होणाऱ्या सेटिंगच्या यादीत, लिहून ठेवतं. पुढे वर्षभरानं ऑडिटर येतात, सुरक्षा कडक करायला सांगतात, कुणीतरी नवी ग्रुप पॉलिसी लावतं आणि तिच्यात हा हक्क फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्सना देतं. दोन पॉलिसींतले असे हक्क एकमेकांत मिसळत नाहीत. जिचा क्रम वरचा तिची यादी लागू, खालची पूर्ण रद्द. पॉलिसी लावली तेव्हा काहीच झालेलं नसतं, ती कंट्रोलरवर लागू झाल्यावर मेल बंद पडतो, आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी सेटअप पुन्हा चालवून डोमेन तयार केलं तरी उपयोग नाही, कारण तो बदल खालच्या पॉलिसीत होतो. कंट्रोलरवर जीपीरिझल्टचा अहवाल काढा, हा हक्क कुठल्या पॉलिसीतून येतोय ते पाहा आणि त्याच पॉलिसीत ग्रुपचं नाव घाला. त्याचबरोबर मेल सर्व्हरचं कॉम्प्युटर अकाउंट अजून त्या ग्रुपमध्ये आहे ना, हेही बघा. कुणी साफसफाईत काढलं असेल तर परत घाला आणि तेव्हा मात्र मेल सर्व्हर खरोखर रीस्टार्ट करा, कारण नवं सदस्यत्व त्याला नव्या लॉगऑनशिवाय मिळत नाही.

नाव सापडतंय का

२०८० मध्ये ओळीच नसतील किंवा कंट्रोलर गायब असतील, तर मोर्चा डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे, वळवा. एक्स्चेंज कंट्रोलरचा पत्ता पाठ करून ठेवत नाही. तो डीएनएसला विचारतो, की या डोमेनसाठी एलडॅप सेवा (डिरेक्टरीला प्रश्न विचारायची सोय) कोण देतं. उत्तर एसआरव्ही रेकॉर्डच्या, म्हणजे कोणती सेवा कुठल्या मशीनवर हे सांगणाऱ्या नोंदीच्या, रूपात येतं. ते रेकॉर्ड डोमेन कंट्रोलरवरची नेटलॉगन सेवा स्वतः नोंदवते. रेकॉर्ड नसतील तर ती सेवा रीस्टार्ट केली की पुन्हा नोंदवले जातात.

आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत एकच चूक वारंवार दिसते आणि तिच्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. मेल सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर पहिला डीएनएस डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा 'सोयीसाठी' गूगलचा ८.८.८.८ किंवा ब्रॉडबँड राउटरचा. हे कधीही करू नका. पहिल्यानं उत्तर द्यायला जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतं. त्याला तुमच्या आतल्या डोमेनचा पत्ता ठाऊक असण्याचं कारण नाही. तो म्हणतो, असं नाव अस्तित्वात नाही. ते उत्तरच असल्यामुळे विंडोज ते खरं मानतं, काही काळ लक्षातही ठेवतं. मग एक्स्चेंजच्या दृष्टीनं डोमेन नाहीसं झालेलं असतं, आणि थोड्या वेळानं आपोआप परत येतं. 'दिवसातून दोनदा मेल अडकतो आणि आपोआप सुटतो' अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे तपासा. मेल सर्व्हरवर डीएनएस म्हणून फक्त डोमेन कंट्रोलरच असावेत. बाहेरची नावं शोधायचं काम त्या कंट्रोलरवरच्या फॉरवर्डरचं.

याच घरातला दुसरा घोळ म्हणजे डोमेन कंट्रोलरला दोन नेटवर्क कार्डं. एक ऑफिसचं, एक बॅकअपचं किंवा व्हीपीएनचं. दोन्हींचे पत्ते डीएनएसमध्ये नोंदले जातात आणि मेल सर्व्हरला कधी हा मिळतो, कधी तो. ज्या कार्डावर त्याला पोचताच येत नाही, त्याची डीएनएस नोंदणी बंद करा.

तपासायला फार साधनं लागत नाहीत. एनएसलुकअपनं एसआरव्ही रेकॉर्ड विचारा. एनएलटेस्टनं मेल सर्व्हर कुठल्या साइटमध्ये, म्हणजे कुठल्या ठिकाणच्या गटात, मोजला जातोय आणि त्याला कुठला ग्लोबल कॅटलॉग मिळतोय ते विचारा. पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शननं ३८९ आणि ३२६८, शिवाय केर्बेरॉसचा (ओळख पटवणाऱ्या पद्धतीचा) ८८ आणि डीएनएसचा ५३, ठोठावून बघा. पिंगवर विसंबू नका. पिंग चालणं म्हणजे डिरेक्टरी चालणं नव्हे. आणि मेल सर्व्हर व डोमेन कंट्रोलर यांच्यामध्ये पोर्ट अडवणारी फायरवॉल ठेवणं मायक्रोसॉफ्टला मान्यच नाही, हे फायरवॉल सांभाळणाऱ्या दादांना लेखी कळवा. काही फायरवॉल बराच वेळ शांत असलेलं कनेक्शन न सांगता तोडतात. दोन्ही टोकांना ते जिवंतच वाटत राहतं.

साइटचा मुद्दा शाखा असलेल्यांसाठी. समजा मुख्य ऑफिस धरमपेठेत आणि कारखाना बुटीबोरीला आहे, मध्ये भाड्याची लाइन. एक्स्चेंज आपल्या साइटमधल्या कंट्रोलरला आधी विचारतो, ते कुणीच नसतील तर बाहेरच्यांना. कोणता आयपी पत्ता कुठल्या साइटचा, हे 'साइट्स अँड सर्व्हिसेस'मध्ये सबनेट, म्हणजे पत्त्यांची रेंज, लिहून ठरतं. नेटवर्कची फेररचना झाली, मेल सर्व्हरला नव्या रेंजचा पत्ता मिळाला आणि ते सबनेट तिथे कुणी लिहिलंच नाही, तर त्या सर्व्हरला साइटच उरत नाही. २११४ येतो आणि शोधफेरी फसते. सबनेट घालायला दोन मिनिटं लागतात.

वीज गेल्यानंतरची सकाळ

नागपूरच्या मे महिन्यात हा भाग सगळ्यात कामी येतो. पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी एसी दमलेला, संध्याकाळी वावटळ आणि वळवाचा पाऊस, आणि वीज गेली. यूपीएसनं दगा दिला तर नवल नाही. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, आणि सर्व्हरच्या खोलीत एसी असला तरी यूपीएस बरेचदा बाहेर जिन्याखाली असतो.

वीज आल्यावर सगळी मशीनं एकदम उठतात. मेल सर्व्हर आधी उठला आणि डोमेन कंट्रोलर नंतर, तर टोपोलॉजी सेवेला कुणी सापडत नाही, बाकीच्या सेवा सुरूच होत नाहीत. आजकाल दोघंही एकाच होस्टवर (प्रत्यक्ष मशीनवर) व्हर्च्युअल मशीन म्हणून असतात, तिथे हे हमखास घडतं. होस्टच्या सेटिंगमध्ये डोमेन कंट्रोलर आधी आणि मेल सर्व्हर काही मिनिटं उशिरा सुरू होईल, असं लावून ठेवा. या एका प्रसंगात रीस्टार्ट हे खरं औषध आहे: कंट्रोलर पूर्ण उठल्याची खात्री करा, मग टोपोलॉजी सेवा आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सेवा सुरू करा.

कंट्रोलर उठलाय, पण त्यानं आपलं नेटवर्क 'डोमेन'ऐवजी 'पब्लिक' समजलंय, असंही होतं. मग विंडोजची स्वतःची फायरवॉल कडक नियम लावते आणि २०८० मध्ये शून्य येतं. कंट्रोलरवर नेटवर्कचं प्रोफाइल पाहा. चुकीचं असेल तर नेटवर्क अडॅप्टर बंद करून चालू केल्यावर बहुधा जागेवर येतं.

आणि घड्याळ. केर्बेरॉस दोन मशीनच्या घड्याळांत मुळात ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतो. त्यापुढे ओळखच नाकारतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल तर वीज गेल्यावर होस्टचं घड्याळ मागे जातं, त्यावरच्या व्हर्च्युअल मशीन तेच घेऊन उठतात. टाइम झोनही पाहा. केर्बेरॉस जागतिक वेळेनं तुलना करतो, त्यामुळे दोन्ही पडद्यांवर सकाळचे दहा दिसत असले आणि एकाचा झोन भारताचा नसला, तर खरा फरक साडेपाच तासांचा असू शकतो. डोमेनमध्ये वेळेचा मूळ स्रोत पीडीसीचं काम करणारा कंट्रोलर असतो. त्यानं बाहेरच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरवरून वेळ घ्यावी, बाकीच्यांनी त्याच्याकडून. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, जुळवायची आहेतच. म्हणजे हे काम दोन कारणांसाठी करायचं आहे.

कधी कंट्रोलर मेलेला नसतो, थकलेला असतो. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये एक्स्चेंजचा एलडॅप रीड टाइम सरासरी ५० मिलिसेकंदांच्या आत असायला हवा. त्याच्या वर राहत असेल तर कंट्रोलरची मेमरी, त्याची डिस्क, आणि अँटिव्हायरस डिरेक्टरीच्या डेटाबेस फाइलवर बसलाय का, हे पाहा. नेटवर्क कार्डावरची आयपीव्ही६ ची (नव्या, लांब आयपी पत्त्यांच्या पद्धतीची) खूण काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट आयपीव्ही६ बंद करायला सांगत नाही.

एक्स्चेंजला ठरावीक कंट्रोलर बांधून देण्याची सोय आहे, आणि घाईत तिचा मोह होतो. साहेब डोक्यावर उभे असताना तिनं मेल सुरू होत असेल तर जरूर वापरा. पण त्यामुळे एक्स्चेंजची स्वतः दुसरा कंट्रोलर शोधायची ताकद आपण काढून घेतो. तो कंट्रोलर पुढच्या वर्षी भंगारात जातो आणि मेल सर्व्हर त्यालाच हाका मारत राहतो. बांधलेला कंट्रोलर मूळ दोष सापडताच सोडवा, आणि तोवर सर्व्हरच्या खोलीतल्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. होस्ट्स फाइलमध्ये कंट्रोलरचा पत्ता लिहिण्याचंही तेच.

दुरुस्ती झाल्यावर पुढच्या १५ मिनिटांत नवा २०८० येतो. त्यात किमान एका ओळीत तिन्ही अक्षरं, दोन्ही ७ आणि सॅकल राइटचा १ दिसला पाहिजे. दोन कंट्रोलर असतील तर दोन्ही ओळींत. मग सबमिशन रांग उघडा. ती उतरायला लागते, पण साचलेला ढीग मोठा असेल तर वेळ लागतो, आणि बाहेरून येणारे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या पुढच्या प्रयत्नापर्यंत येणार नाहीत. तेव्हा अकाउंट्समधल्या ताईंना 'दुपारपर्यंत सगळे येतील' असं सांगा आणि त्या वेळात लॉगमधल्या त्या सकाळच्या नोंदी एक्सपोर्ट करून ठेवा, नव्या नोंदींखाली त्या पुसल्या जाण्याआधी.